इंजिन बदललेल्या पद्मिनीचा निवांत वेग कसा ठरवावा

प्रीमियर पद्मिनीत त्याच कंपनीच्या ११८ एनई गाडीचं इंजिन बसवून झालं की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : आता किती पळेल? किती पळेल ते पहिल्याच दिवशी कळतं. सोलापूर–धुळे रस्त्यावर दोन-तीन तास सलग कोणत्या वेगाने गेलं तर गाडी तापणार नाही, कान भणभणणार नाहीत आणि समोर अचानक ट्रॅक्टर आला तर गाडी थांबेल, हे शोधायला वेळ द्यावा लागतो. त्या वेगाला मी निवांत वेग म्हणतो. आमच्या घरची १९८६ची पद्मिनी मी इतकी वर्षं चालवतोय, तिचं इंजिन बदललं, पुढे ओळखीतल्या चार-पाच गाड्यांचाही हा वेग काढून दिला. पद्धत तीच आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. मूळ १०८९ सीसीच्या इंजिनात क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, तीनच मेन बेअरिंगचा आधार. ऐंशीच्या पुढे गेलं की ते इंजिन स्वतःच ओरडायचं, आणि आपण पाय सैल करायचो. ११८ एनईचं १९८५ साली आलेलं निसान बनावटीचं ११७१ सीसीचं इंजिन पाच बेअरिंगचं आहे. ते शंभरलाही कुरकुर करत नाही. पण त्याखालची गाडी तीच राहते : चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, आणि १९५३च्या फियाट ११००च्या घराण्यातली बांधणी. पूर्वी इंजिन तुम्हाला थांबवत होतं, आता कोणीच थांबवत नाही. म्हणून मर्यादा आपणच मोजून ठरवायची. ‘साहेब, इंजिन नवं आहे, बिनधास्त शंभरने पळवा’ असं सांगणाऱ्या मिस्त्रीला ब्रेकचे ड्रम शेवटचे कधी उघडले ते विचारा.

सुरुवातीची कामं

आरसी बुकावर नव्या इंजिनचा नंबर चढलेला हवा, विमा कंपनीला कळवलेलं हवं. ब्रेक, टायर, स्टिअरिंगचा प्ले, व्हील बॅलन्सिंग हे सगळं झालंय असं मी धरून चालतो. झालं नसेल तर आधी ते करा, मग पुढचं वाचा.

खरा वेग आणि आरपीएम

जुना स्पीडोमीटर खरं बोलत नाही. मोबाइलच्या जीपीएसवर ताडून बघा. नाहीतर किलोमीटरचे दगड आणि घड्याळ पुरेसं आहे : एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत ६० सेकंद म्हणजे ६०चा वेग, ४५ सेकंद म्हणजे ८०, ४० सेकंद म्हणजे ९०.

पद्मिनीला टॅकोमीटर नसतो, त्यामुळे आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, काढायचे कागदावर. मागच्या टायरवर खाली खडूची खूण करा, माणूस आत बसवून गाडी एक पूर्ण फेरा ढकला, आणि जमिनीवरच्या दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. माझ्या गाडीला ते १.८५ मीटर भरलं. डिफरन्शियलचा आकडा, म्हणजे मागच्या चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा) किती फेरे घेतो तो, पद्मिनीला ४.३ असतो, पण कोणी हाउसिंग बदललेलं असू शकतं, म्हणून खात्री करा : पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलमध्ये, मागचं एकच चाक स्टँडवर उचललेलं, दुसरं जमिनीवर. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. चार फेरे आणि पाचव्याचा जेमतेम तिसरा हिस्सा आला तर ४.३.

आता वेगाला १६.६७ने गुणा, टेपने मोजलेल्या घेराने भागा, ४.३ने गुणा. चौथ्या गिअरमध्ये, जिथे इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात, माझ्या गाडीत ७०ला सुमारे २७००, ८०ला ३१०० आणि ९०ला ३५०० आरपीएम येतात. पाचवा गिअर असेल तर त्याचा आकडाही गुणायचा. हे हिशेब पुढे लागणार आहेत.

घुमणारा पट्टा : इथेच लोक चुकतात

प्रत्येक अशा गाडीत वेगाचा एक पट्टा असतो, ज्यात काहीतरी थरथरतं किंवा घुमतं. निवांत वेग या पट्ट्याबाहेरच हवा. हा पट्टा शोधणं सोपं आहे. त्याचं कारण शोधणं अवघड, आणि यात माझे आठ महिने आणि बराच पैसा गेला.

माझ्या गाडीत ७६ ते ८८मध्ये घूंऽऽ असा जाड आवाज भरायचा. पाचोडहून गेवराईला जाईपर्यंत आईचं डोकं दुखायला लागायचं. मी दोन टायर बदलले. बॅलन्सिंग तीनदा केलं. इंजिनची फाउंडेशन रबरं नवी टाकली. ज्या गॅरेजमध्ये इंजिन बसवलं होतं तिथून एकच उत्तर मिळायचं : ‘जुनी गाडी आहे, आवाज करणारच.’ हे उत्तर कधीही मान्य करू नका. गाडी जुनी असली तरी आवाजाला कारण असतं, आणि ते शोधता येतं.

शोधायची रीत अशी. रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना निघा. शेजारी लिहून घेणारा माणूस हवा. ५०पासून सुरू करा, पाच-पाचने वाढवत ९५पर्यंत जा, प्रत्येक वेग दोन मिनिटं स्थिर ठेवा. काचा बंद. तीन गोष्टी बघा : स्टिअरिंग हाताला काय सांगतं, गिअरच्या दांड्याच्या गोळ्यावर बोट टेकवलं तर काय लागतं, आणि मधल्या आरशात मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो का. या तिसऱ्या खुणेवर माझा सर्वांत जास्त भरवसा आहे. कान सरावतो, आरसा सरावत नाही. माझ्या गाडीत ७५ला नंबर स्वच्छ दिसायचा, ७७ला त्याच्या कडा दुहेरी व्हायच्या.

पट्टा सापडला की त्याच वेगात, मागे कोणी नसताना, क्लच दाबा आणि ॲक्सिलेटर सोडा. इंजिन बंद करायचं नाही, फक्त त्याचे फेरे खाली येऊ द्यायचे. आवाज लगेच गेला तर दोष इंजिनाकडे, त्याच्या रबरांकडे किंवा तळाच्या पत्र्याला टेकणाऱ्या सायलेन्सरच्या पाइपाकडे आहे. आवाज तसाच राहिला आणि वेग उतरला तसा उतरला, तर दोष चाकांत किंवा शाफ्टमध्ये. माझा तसाच राहिला. म्हणजे इंजिनच्या रबरांवरचा खर्च वायाच गेला होता. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे, पण ती करायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

चाक की शाफ्ट हे त्या थरथरीच्या जातीवरून कळतं. ८०च्या वेगाला चाक सेकंदाला १२ वेळा फिरतं, शाफ्ट ५०हून जास्त वेळा. चाकाची थरथर जाड असते, स्टिअरिंगला आणि सीटला बसते, जवळजवळ मोजता येईल अशी. शाफ्टची बारीक असते, पत्र्यातून तळपायाला मुंग्या आल्यासारखी लागते आणि कानाला घूं ऐकू येते. तळपायाला मुंग्या येत असतील तर टायरवाल्याकडे जाऊ नका.

शाफ्टचे दोष तीन. पहिला, ११८ एनईचा गिअरबॉक्स बसवताना लेथवर शाफ्टची लांबी बदलली, पण नंतर तो बॅलन्स केला नाही. दुसरा, वेल्डिंग करताना दोन टोकांचे काटे, ज्यांत जॉइंट क्रॉस बसतात ते, एका रेषेत आले नाहीत. शाफ्ट काढून फरशीवर ठेवला तर हे डोळ्यांना दिसतं. तिसरा दोष कोणी बघतच नाही, आणि माझा तोच निघाला : गिअरबॉक्सची शेपटी खाली बसली होती. तिच्याखालचं रबर दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं, मूळच्यापेक्षा पातळ. त्यामुळे शाफ्टचा पुढचा तुकडा गिअरबॉक्सशी सरळ न राहता मोडलेल्या कोनात फिरत होता. जॉइंट क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा सांधा, कोनात फिरला की प्रत्येक फेऱ्यात शाफ्ट दोनदा जोरात आणि दोनदा हळू फिरतो. दुसऱ्या टोकाला तेवढाच उलटा कोन असेल तर ते फिटतं, नसेल तर घुमतं.

उपाय दोन तासांचा. गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी, खाली खड्डा किंवा रॅम्प. डिजिटल लेव्हल (उताराचा कोन दाखवणारं यंत्र) गिअरबॉक्सच्या मागच्या सपाट भागाला लावा, मग शाफ्टच्या पुढच्या तुकड्याला. दोन्ही आकड्यांतला फरक शक्य तेवढा कमी करायचा. माझ्या गाडीत गिअरबॉक्सच्या त्या मागच्या रबराखाली १२ मिमीची लोखंडी पट्टी घातली आणि शेपटी साधारण एका अंशाने वर आली. रात्री दहाला काम संपलं. तसाच आडूळपर्यंत गेलो. ८०ला घड्याळाची टिकटिक ऐकू आली, त्या गाडीत पहिल्यांदा.

एक ताकीद : पट्टी घालण्याआधी बोनेट उघडून फॅन आणि रेडिएटरमधलं अंतर बघा. शेपटी वर गेली की इंजिनचं नाक खाली झुकतं. पट्टी एकदम जाड घालू नका, तीन-तीन मिमीने वाढवा आणि दर वेळी चालवून बघा. सायलेन्सरचा पाइप पत्र्याला टेकत नाही हेही प्रत्येक वेळी हाताने चाचपा.

यानंतर पट्टा पूर्ण जातोच असं नाही. माझ्याकडे ९२ ते ९६मध्ये थोडा उरला आहे. तिथे मी ओव्हरटेक करताना जातो आणि लगेच खाली येतो.

तापमान

पट्ट्याबाहेरचा एक वेग निवडा आणि एप्रिल-मेच्या दुपारी त्या वेगाने ४० मिनिटं सलग चालवा. डिसेंबरातल्या चाचणीला आपल्याकडे किंमत नाही. काटा एका जागी बसला पाहिजे. हळूहळू चढतच राहिला तर वेग ५ने कमी करा आणि पुन्हा बघा. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ८०वरून १००वर गेलात तर फक्त हवेसाठी जवळजवळ दुप्पट ताकद लागते, आणि तिच्याबरोबर वाढलेली उष्णता त्याच रेडिएटरला बाहेर टाकायची असते.

उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाका, हा सल्ला मराठवाड्यात घरोघर मिळतो. ऐकू नका. थर्मोस्टॅट नसला की हिवाळ्यात इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल जास्त जातं. गाडी थर्मोस्टॅटसकट तापत असेल तर रेडिएटर आतून भरलेला आहे, कॅप दाब धरत नाही किंवा फॅन बेल्ट घसरतोय. ते दुरुस्त करा.

ब्रेक

मोकळ्या रस्त्यावर निवडलेल्या वेगावरून गाडी थांबवा, लगेच पुन्हा त्याच वेगाला न्या, पुन्हा थांबवा. असं चार वेळा. चौथ्या वेळी पेडल खाली गेलं, गाडी एका बाजूला ओढली किंवा जळका वास आला, तर तो वेग तुमच्या ड्रमच्या आवाक्याबाहेर आहे, इंजिन काहीही म्हणो. ८०वरून थांबताना ब्रेकला जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, त्याच्या दीडपटीहून जास्त १००वरून जिरवावी लागते. बीडजवळचा मांजरसुंब्याचा घाट उतरताना तिसरा गिअर टाका. ड्रम एकदा तापले की गार व्हायला फार वेळ घेतात.

माझे आकडे

छत्रपती संभाजीनगर ते बीड चौपदरी रस्त्यावर मी ७४वर चालवतो. दुपदरी रस्त्यावर ६०–६५. तिथे कायद्याची मर्यादा ७० आहे, पण काळ्या मातीवरचे आपले रस्ते लाटांसारखे वर-खाली होतात, आणि पाट्यांच्या गाडीला ती लाट सत्तरला उडवते. पुढचं चाक क्षणभर हलकं झाल्याचं स्टिअरिंगला कळतं. ते एकदा जरी जाणवलं तर १० कमी करा. उसाच्या हंगामात रात्री ५०च्या वर नाही. ट्रॉलीला मागे दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो.

समृद्धीवर कारला १२०ची मर्यादा आहे म्हणून पद्मिनी १००वर धरू नका. तिथे वळणं आणि चढ फारसे जाणवत नाहीत, पाय एकाच जागी राहतो आणि टायरला विसावा मिळत नाही. डाव्या लेनने ७५–८०. जालन्याच्या पुढे जायचं असेल तर दर तासाला थांबून हाताच्या पाठीने चारही टायर आणि चाकांच्या डिश चाचपा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तिथला ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. निघण्याआधी टायरवरची चार आकड्यांची तारीख वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असली तरी म्हातारा टायर समृद्धीवर नेऊ नका.

आकडा ठरला की स्पीडोमीटरच्या काचेवर तिथे बारीक पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. जीपीएसचा नाही, तुमच्या काट्याचा आकडा जिथे येतो तिथे. माझा ७४चा ठिपका काचेवर ८०च्या रेघेला आहे. टायर बदलले की खडू आणि टेप घेऊन पुन्हा मोजा आणि ठिपका पुसून नव्याने द्या.