घरी एअर रायफलची प्रॅक्टिस करायचीय? पहिले पैसे छर्रा अडवणाऱ्या पेटीवर घाला

पोराला शूटिंगची आवड लागली की बापाचा पहिला प्रश्न एकच, कोणती बंदूक घेऊ. मला फोटोवर फोटो येतात, ही घेऊ का ती, दुर्बीणवाली घेऊ का. रेंज जिल्ह्याच्या ठिकाणी नाहीतर थेट पुण्याला बालेवाडीला, रोज कोण ने-आण करणार, म्हणून घरीच सोय करायची हे बरोबरच आहे. पण सुटलेला छर्रा थांबणार कुठं हे कुणी विचारत नाही, दुकानदार तर सांगतच नाही. माझा क्रम ठरलेला आहे: आधी पेटी, मग जागा, बंदूक तिसरी.

काहीजण परदेशातले व्हिडिओ बघून घरी काडतुसं भरायची मशीन कोणती घ्यावी असं विचारायलेत. ते डोक्यातून काढा. आपल्याकडं १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणं परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि लेकराबाळांच्या घरात बारूद ठेवायचीच कशाला. घरी जमण्यासारखं आहे ते १० मीटर एअर रायफल नाहीतर एअर पिस्तूल. ४.५ मिलिमीटर म्हणजे पॉइंट १७७ इंच बोअर (नळीचं आतलं माप) आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर लायसन लागत नाही. दुकानदार ओळखपत्र मागतो ते द्या, पक्कं बिल घ्या आणि जपून ठेवा.

आता पेटी. सगळ्यात जास्त डोकं मला इथंच लावावं लागलं आणि सगळ्यात चुकीचे सल्लेही इथंच मिळतात. "फळी लावा की, छर्राच तर आहे." अहो, कडक लाकडावरून शिशाचा छर्रा उलटा येतो. विटांच्या भिंतीवर मारला तर गिलाव्याचे टवके उडतात. उभा लोखंडी पत्रा लावला तर छर्रा चपटा होऊन फुटतो आणि त्याचे कण बाजूला आणि तुमच्याकडं येतात. यातलं काहीच नको.

वेल्डिंगवाल्याकडं जा आणि ३ मिलिमीटर जाडीच्या एमएस (साध्या पोलादी) प्लेटची पेटी करून घ्या, तोंड साधारण फूटभर बाय फूटभर, आत प्लेट ४५ अंशात तिरकी. कुठल्या बाजूला तिरकी, खरी मेख इथं आहे. प्लेटची वरची कड नेमबाजाच्या बाजूला आणि खालची कड मागं, म्हणजे छर्रा आपटला की खाली तळात जातो. वेल्डिंगवाला हमखास उलटं करतो, कारण त्याला ते घसरगुंडीसारखं सोपं वाटतं, आणि मग छर्रा वर उडून छताला नाहीतर पत्र्याला लागतो. कागदावर चित्र काढून द्या, वेल्डिंग होईस्तोवर तिथंच थांबा आणि पैसे द्यायच्या आधी पेटी जमिनीवर ठेवून समोरून लहान रबरी चेंडू जोरात फेका. चेंडू खाली आत गेला पाहिजे, वर उसळला तर तिथंच परत करायला लावा, "चालतंय हो" म्हणाला तरी ऐकू नका. तळ आणि बाजू बंदच पाहिजेत, तळात जुन्या ट्यूबचे तुकडे टाका, तोंडावर पुठ्ठा आणि त्याच्यावर टार्गेट, म्हणजे उडालेले कण आतच राहतात.

घरी आणल्यावर पेटीच्या समोर आणि दोन्ही बाजूंनी वर्तमानपत्र अंथरायचं, डोळ्यांना संरक्षक चष्मा घालून थोडे छर्रे मारायचे आणि कागद उजेडात धरून बघायचा. चकाकणारे बारीक कण दिसले तर पेटीत कुठंतरी फट आहे नाहीतर कोन चुकलाय. ते दुरुस्त झाल्याशिवाय पोराच्या हातात बंदूक द्यायची नाही. आणि लोखंडी बीबी गोळ्या या पेटीवर कधीच मारायच्या नाहीत, त्या सरळ उलट्या येतात.

जागा: टार्गेटपासून १० मीटर, टार्गेटच्या मागं पक्की भिंत, भिंतीवर जुनी घोंगडी सैल लटकवलेली, टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर. मधे कुठलंच दार उघडणारं नको, मागच्या दाराला आतून कडी. उघड्या गच्चीवर नाही म्हणजे नाही.

बंदुकीचं सोपं आहे. सुरुवातीला देशी बनावटीची, नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली घ्या, जास्त ताकदीच्या मागं लागू नका, कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही. दुर्बीण नको, रायफलच्या मॅचमध्ये पीप साईटच असते, म्हणजे बारीक भोकातून बघून नेम धरायचा. दस्ता खांद्याला लावल्यावर पोराला मान ताणावी लागत असेल तर ती बंदूक त्याच्या मापाची नाही. स्प्रिंगची बंदूक छर्ऱ्याशिवाय रिकामी उडवू नका, आतला पिस्टन खराब होतो. पुढं कुणी हवेच्या सिलेंडरवर चालणारी जुनी मॅच रायफल स्वस्तात द्यायला लागला तर आधी त्या सिलेंडरवरची तारीख वाचा, त्यात २०० बारपर्यंत प्रेशर असतं आणि ते साधारण १० वर्षांसाठीच असतं. मुदत संपलेलं असेल तर फुकटसुद्धा घेऊ नका. मे महिन्यात भरलेलं सिलेंडर पत्र्याच्या शेडमधे किंवा गाडीत ठेवायचं नाही.

छर्रे चपट्या डोक्याचे, टोकदार नकोत. चपटा छर्रा कागदाला गोल स्वच्छ भोक पाडतो, मार्क बघायला वाद राहत नाही. संरक्षक चष्मा पाहिजेच, नेम मारणाऱ्यालाही आणि खोलीत बसलेल्या आजोबांनाही.

शिसं विषारी आहे, विशेषतः लहान लेकरांना. मारताना भेळ, चहा, पाण्याची बाटली जवळ नको, झाल्यावर साबणानं हात, मग जेवण. पेटीजवळ कोरडा झाडू मारायचा नाही, धूळ उडते, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि ते फडकं घरातल्या कपड्यांत धुवायचं नाही. पेटीतलं शिसं साठलं की झाकणाच्या डब्यात भरून भंगारवाल्याला द्या, चुलीवर किंवा गॅसवर वितळवत बसू नका.