घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी त्यांच्या पुढच्या उपचारांबद्दल कसं बोलावं

कोकणातल्या कितीतरी घरांत रात्रीचा निर्णय शेजारी घेतो. घरात म्हातारा-म्हातारी दोघंच, मुलं मुंबईला. रात्री दोनला छातीत कळ आली की हाक शेजारच्या घरात जाते, १०८ला फोन तिथूनच होतो. गाडी ओरोसच्या सरकारी हॉस्पिटलात न्यायची, घाट चढून कोल्हापूरला न्यायची की थेट गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात, हे खळ्यात उभं राहून कुणीतरी ठरवतं. पावसात घाटात दरड आली असेल तर तेही उरत नाही. मुलगा पोचतो दुसऱ्या दिवशी.

माझ्या थोरल्या काकांच्या वेळी असंच झालं. "मला यंत्रांवर ठेवू नका" हे ते वर्षानुवर्षं सांगत होते. पण ज्यांनी ऐकलं होतं ते तिथे नव्हते, आणि जे तिथे होते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काका सोळा दिवस व्हेंटिलेटरवर होते. म्हणून हे लिहितो आहे.

आधी वेळ बघा

सगळी भावंडं गावी येतात ती गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. पूजेच्या दिवशी हा विषय काढू नका, घरातल्यांना ते अशुभ वाटेल आणि दार तिथेच बंद होईल. विसर्जन झाल्यावर, परतीच्या गाडीच्या आधी एखादी निवांत दुपार मिळते, ती बरी. मे महिन्यात आमसुलांसाठी रातांबे फोडायला बसतात तेव्हा त्याहून बरं, कारण हात कामात असले की माणूस मोकळं बोलतं. सगळ्यांनी गोल करून समोर बसू नये. एकानं बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं.

विषय मुलानं किंवा मुलीनं काढावा, सुनेला पुढे करू नये. उद्या सेवा तिच्याच अंगावर येणार असते, त्यामुळे तिनं विचारलं तर "हिला माझा कंटाळा आला" असा अर्थ निघतो. पण बोलणं होताना ती तिथे हवीच.

सुरुवात दुसऱ्याच्या गोष्टीनं

"शेवटी काय करायचं?" असं थेट विचारलं तर "देव बघेल" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी वाडीतल्या एखाद्या आजाराची आठवण काढा. "त्या आजींच्या नाकात नळी घातली होती, तू बघायला गेलेलीस ना? तुला काय वाटलं गं?" दुसऱ्याबद्दल बोलता बोलता माणूस स्वतःबद्दल सांगू लागतं.

पुष्कळदा तर विषय त्यांनीच काढलेला असतो. आई भाकरी थापता थापता म्हणते, "माका मुंबैक नेव नकात," आणि आपण "असं अभद्र बोलू नको" म्हणून तिला गप्प करतो. तसं करू नका. "का गं?" एवढंच विचारा आणि थांबा.

काय विचारायचं

उपचार घरात हवेत की हॉस्पिटलात? लांब न्यायचं तर कुठवर? बरं होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, नाकातून अन्न, हृदय थांबल्यावर छाती दाबणं, यातलं काय चालेल आणि काय नको? मोठा आजार निघाला तर त्यांना सगळं सांगायचं का? स्वतः बोलता आलं नाही तर त्यांच्या वतीनं कुणी बोलायचं? हे सगळं एका बैठकीत होत नाही, दोन-तीन सुट्ट्या जातात.

"माझ्यावर खर्च करू नका" हे उत्तर मात्र जसंच्या तसं धरू नका. ती इच्छा असेल किंवा नुसती भीती असेल, आणि दोन्ही वेगळ्या करणं हे या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम आहे. विचारा, "बाबा, पैशाचा प्रश्नच नसता तर तुम्ही काय म्हणाला असता?" सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. २०२४च्या ऑक्टोबरात ही सोय सुरू झाली. ते कार्ड आधी काढून त्यांच्या हातात द्या आणि मग पुन्हा विचारा. गुडघ्याचं किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन केवळ खर्चाच्या धाकानं टाळणारे कितीतरी आहेत.

कागदावर आणा

सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८च्या निकालात लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ला त्याची रीत सोपी केली. आता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागत नाही. शुद्धीत असलेल्या सज्ञान माणसानं कोणते उपचार नकोत ते स्पष्ट लिहावं, आपल्या वतीनं निर्णय घेणाऱ्यांची नावं द्यावीत, दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यावं. प्रती नाव दिलेल्या माणसांकडे, नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेतल्या त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्याव्यात. मन बदललं तर ते कधीही लेखी रद्द करता येतं.

हा कागद लागू होतो तो माणसाला स्वतः निर्णय घेता येत नसेल आणि आजार बरा होण्याची आशा उरली नसेल तेव्हाच. डॉक्टरांची दोन मंडळं तपासून मगच उपचार थांबवतात. हे आई-बाबांना समजावून सांगा, कारण सही केली की औषधच बंद होतं असं पुष्कळांना वाटतं.

शेजाऱ्यांना सांगा

हे बहुतेक जण विसरतात. रात्री धावून येणार त्या घरातल्या माणसाला बोलावून चहा द्या आणि आई-बाबांच्या तोंडूनच त्याला ऐकवा. एका साध्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: आजार कोणते, गोळ्या कोणत्या, आधी कुठे न्यायचं, फोन कुणाला करायचा. तो केसपेपरच्या फाईलमध्ये सर्वांत वर ठेवा आणि फाईल कुठे आहे ते त्याला दाखवा. पुढे डॉक्टरांशी बोलणं सोपं जातं, आणि त्या बिचाऱ्यावर नंतर बोलही येत नाही.

आमच्याकडे दरवर्षी विसर्जनानंतर तो कागद काढून मोठ्यानं वाचतात. पहिल्या वर्षी आईनं "मुंबईला नेऊ नका" एवढंच लिहायला लावलं होतं. गेल्या वर्षी तिनं ते खोडायला सांगितलं आणि नवीन ओळ सांगितली: "पाय मोडलो तर न्या, बाकी कशाक नको."