पाठीवर मणके कसे मोजायचे

कुठे दुखतंय असं विचारलं की बहुतेक पेशंट कमरेवरून तळहात फिरवतात आणि म्हणतात, "हे असं सगळंच." मग एमआरआयचा कागद पुढे येतो. त्यावर एल-४, एल-५ (कमरेचा चौथा, पाचवा मणका) लिहिलेलं असतं, पण ते पाठीवर नेमकं कुठे, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि सोबत आलेल्या नातेवाइकांना हे शिकवल्याशिवाय सोडत नाही. सामान फार नाही: काजळाची पेन्सिल, शिंप्याची टेप, एक उशी आणि नखं कापलेली बोटं.

आधी एक गोष्ट पक्की करा. बोटाला अख्खा मणका लागत नाही. वजन पेलणारा त्याचा जाड भाग आत, पोटाच्या बाजूला असतो आणि दोन मणक्यांमधल्या गाद्या, म्हणजे चकत्या, याही तिथेच असतात. पाठीवर लागतं ते फक्त मागे निघालेलं हाडाचं टोक. त्यामुळे "चकती सरकलेली हाताला लागतेय, बसवून देतो" असं कुणी म्हणालं तर पाठ झाकून घरी या. टोकांच्या दोन्ही बाजूंना जे जाड, उभे पट्टे लागतात ते स्नायू. त्यांना गाठी समजून घाबरू नका.

आता मोजणी. माणसाला स्टुलावर बसवून मान खाली घालायला सांगा. मानेच्या बुडाशी जो सगळ्यात मोठा उंचवटा दिसतो तो बहुधा मानेचा सातवा मणका. बहुधा अशासाठी, की काही जणांत त्याच्या खालचा, म्हणजे छातीचा पहिला, जास्त पुढे आलेला असतो. खात्री करायची तर लागोपाठच्या दोन उंचवट्यांवर एकेक बोट ठेवा आणि सावकाश छताकडे बघायला सांगा. बोटाखालून आत निसटतो तो सहावा, जागेवर राहतो तो सातवा. दोन्ही जागेवरच राहिले तर तुम्ही एक घर खाली आहात. (मानेचा पहिला मणका शोधत बसू नका. त्याला मागे टोकच नसतं. कवटीखाली पहिलं जे लागतं ते दुसऱ्याचं.)

सातव्यावर काजळाचा ठिपका द्या आणि तिथून खाली बारा मोजा. हे छातीचे, ज्यांना बरगड्या जोडलेल्या असतात. दोन खुणा मदतीला आहेत. हात खाली सोडलेले असताना खांद्याच्या फऱ्यावरच्या आडव्या उंचवट्याचं आतलं टोक साधारण तिसऱ्याच्या पातळीत येतं आणि फऱ्याचा खालचा कोपरा सातव्याच्या. एकाचा फरक चालतो, तीनाचा आला तर पुन्हा मोजा. पाठीच्या मधल्या भागात ही टोकं कौलांसारखी एकावर एक उतरलेली असतात. म्हणून छातीच्या सातव्याचं टोक बोटाला लागतं तेव्हा आत खरं तर आठव्याचा जाड भाग असतो. रिपोर्टमधला मणका त्याच्या टोकापेक्षा थोडा वर असतो तो यामुळेच.

कमरेचे पाच मोजायला पालथं झोपवा आणि पोटाखाली उशी द्या. कमरेची खळी सपाट होते, टोकांमधल्या फटी उघडतात. दोन्ही हात बाजूंनी कमरेवर असे ठेवा की तर्जनी कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकेल. अंगठे मधोमध जिथे भेटतील तिथे चौथ्याचं टोक किंवा त्याखालची फट. अंगानं भरलेल्या माणसात अंगठे थोडे वरच भेटतात, तेवढं धरून चाला. भूल देणारे डॉक्टरही याच रेषेवरून सुईची जागा ठरवतात, कारण मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. "सिझेरियनच्या वेळी सुई मज्जारज्जूत गेली असेल" ही भीती मी बायकांकडून सतत ऐकते. सुई देतात ती त्याच्या खाली.

आणखी खाली दोन्हीकडे खळ्या दिसतात. ती त्रिकास्थीच्या, म्हणजे कमरेखालच्या तिकोनी हाडाच्या, दुसऱ्या मणक्याची पातळी. त्रिकास्थीचे पाचही मणके एकमेकांत मिसळलेले असतात आणि शेवटी माकडहाड, त्यामुळे पुढे मोजण्यासारखं काही उरत नाही.

हे जमलं की टेप काढा. माणूस सरळ उभा. दोन खळ्यांच्या मधोमध एक खूण, तिच्या वर १० सेंमी आणि खाली ५ सेंमीवर आणखी दोन. गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगा आणि टोकाच्या दोन खुणांमधलं अंतर मोजा. १५ चे किमान २० तरी व्हायला हवेत. तरुण मुलाची कमर सकाळी अर्धा-पाऊण तास आखडलेली असते, हालचाल केल्यावर मोकळी होते आणि टेपही फारशी सरकत नाही, असं असेल तर मलमं चोळण्यात वर्षं घालवू नका. संधिवाताच्या डॉक्टरांकडे न्या.

घरात दहा ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर तिला पाय जुळवून, तळहात जोडून पुढे वाकवा आणि मागून बघा. एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसल्या तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ठिपके सरळ रेषेत आले म्हणून निर्धास्त होऊ नका. पाठीचा कणा बाजूला वाकलेला असेल तर मणके स्वतःभोवतीही वळतात, त्यामुळे मागची टोकं खऱ्या वाकापेक्षा सरळ दिसतात.

एकाच हाडावर हलकं ठोकल्यावर कळ येते, सोबत संध्याकाळचा ताप आणि वजन उतरतंय, तर मसाज पूर्ण बंद. मणक्याचा टीबी आपल्याकडे अजूनही आढळतो, एक्स-रे काढून घ्या. आणि कंबरदुखीबरोबर बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा दोन्ही पायांतला जोर गेला, तर मोजत बसू नका. त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलात जा.