लॉटरीत नंबर लागला, पुढे काय?

पुण्याहून अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोला आलो तेव्हा मुलीची आठवी नुकतीच झाली होती. इथल्या मराठी मंडळींनी एकच सल्ला दिला: चांगल्या शाळेच्या हद्दीत घर घ्या. तिथलं भाडं आम्हाला झेपणारं नव्हतं. शेजारणीने ‘हाय टेक हाय’ या चार्टर शाळेचं नाव सुचवलं. चार्टर म्हणजे खासगी आणि महागडी, असाच माझा समज होता. नव्याने येणाऱ्या घरांसाठी म्हणून हे लिहिते आहे.

चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही; कसं शिकवायचं याची मोकळीक मात्र जास्त. कॅलिफोर्नियात अशा शाळांचा कायदा १९९२ साली झाला. हाय टेक हाय २००० साली सुरू झाली, नौदलाच्या बंद झालेल्या प्रशिक्षण केंद्राच्या जागेत. नाव ऐकून संगणकाची शाळा वाटते, पण संस्थापकांपैकी लॅरी रोझेनस्टॉक कायदा शिकलेले आणि शाळेत सुतारकाम शिकवलेले. हात आणि डोकं वेगळं काढायचं नाही, हा विचार तिथे जागोजागी दिसतो. हुशार मुलांची तुकडी वेगळी नसते. प्रवेश लॉटरीने, तीही पिनकोड बघून, म्हणजे शहरातल्या सगळ्या वस्त्यांतली मुलं येतात.

अर्ज शाळा सुरू होण्याच्या कित्येक महिने आधी भरावा लागतो. नंबर लागेलच असं नाही, म्हणून घराजवळच्या सरकारी शाळेचीही चौकशी करून ठेवा. भारतातून निघतानाच गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला आणि लसीकरणाची नोंद हातातल्या बॅगेत घ्या. शाळेने बस दिलीच पाहिजे असं बंधन नाही, तेव्हा रोजच्या ने-आणीचा हिशेब आधी करा.

पहिले दोन महिने मी अस्वस्थ होते. पाठ्यपुस्तक नाही, घटक चाचणी नाही, वर्गात कितवी आली ते कळायला मार्ग नाही. सगळा अभ्यास प्रकल्पांभोवती. याच शाळेतल्या मुलांनी सॅन डिएगोच्या उपसागरावर पुस्तकं तयार करून छापली आहेत, हे कळल्यावर थोडा धीर आला. तरीही कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांना लागणारे ‘ए ते जी’ या विषयगटांतले वर्षभराचे १५ अभ्यासक्रम पूर्ण होताहेत ना, हे मी दर सत्रात तपासते. तुम्हीही तपासा.

सत्र संपताना प्रत्येक मुलाने शिक्षकांसमोर आणि पालकांसमोर उभं राहून आपण काय शिकलो ते सांगायचं असतं. मी घरी मुलीकडून भाषण घोकून घेतलं. तिथे शिक्षकांनी विचारलं, “पहिल्यांदा केलेलं पंपाचं मॉडेल का चाललं नाही?” घोकलेल्यात याचं उत्तर नव्हतं. ती गप्प झाली. माझ्या पोटात गोळा आला. मग ती फळ्याकडे वळली, आकृती काढली, झडप उलटी बसवली होती ते दाखवलं, आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत दहा मिनिटं बोलत राहिली. पुण्यात तिने शिक्षकांना आपणहून शंकासुद्धा कधी विचारली नव्हती.

आता ती अकरावीत आहे. या वर्षी सगळ्यांना काही आठवडे बाहेर प्रत्यक्ष कामावर जावं लागतं, त्याची जुळवाजुळव चालली आहे.

अर्ज भरण्याआधी मुलांच्या कामाचं प्रदर्शन बघून या, आणि मुलांनाही बरोबर न्या. मांडलेल्या कामाशेजारी जो मुलगा उभा असेल त्याला विचारा, पहिल्यांदा काय फसलं होतं.