रात्रीचा बॅकअप चालत नव्हता, त्याचं निदान

पावसाळ्यात रत्नागिरीकडे वीज गेली की दुकानातला लॅपटॉप बॅटरीवर येतो, आणि २ वाजताचा बॅकअप गुपचूप राहून जातो. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारं साधन) ‘वीज जोडलेली असेल तरच चालव’ ही खूण आधीपासूनच असते. कामाच्या गुणधर्मांत कंडिशन्समध्ये जाऊन ती काढली. यूएसबीने जोडलेला यूपीएस असेल तर डेस्कटॉपलाही हेच लागू, कारण विंडोज त्याला बॅटरीच समजतं.

मशीन पूर्ण बंद असेल तर मात्र काम चुकणारच. त्यासाठी सेटिंग्जमध्ये ‘वेळ चुकल्यास लवकरात लवकर चालव’ ही खूण करा. ती मुळात नसते.

एवढं करूनही शेड्यूलरमध्ये कामाचा निकाल ‘१’ येत होता, म्हणजे काम सुरू होऊन आत कुठेतरी पडत होतं. दोष बॅच फाइलमधल्या (बॅकअपच्या आज्ञा लिहिलेली फाइल) झेड ड्राइव्हचा, म्हणजे नेटवर्कवरच्या फोल्डरला जोडलेल्या अक्षराचा. कुणी लॉगिन नसताना चालणाऱ्या कामाला जोडलेली ड्राइव्ह-अक्षरं दिसत नाहीत. दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता लिहा. कामाच्या अ‍ॅक्शनमधला ‘स्टार्ट इन’ हा रकाना रिकामा ठेवलात तर फाइली विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये शोधल्या जातात. त्या रकान्यात बॅच फाइलच्या फोल्डरचा पत्ता अवतरणचिन्हांशिवाय टाका.

शेड्यूलरमधली हिस्टरी (काम कधी चाललं, काय झालं याची नोंद) आधी चालू करा, ती बहुधा बंदच असते.