स्किझोफ्रेनियाची औषधे घरी सांभाळताना

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन घरी आल्यावर गोळ्यांचा डबा भरण्याआधी एक वही करावी आणि प्रत्येक औषधापुढे ते कशासाठी दिले आहे, हे डॉक्टरांना विचारून लिहून ठेवावे. बहुतेक चिठ्ठ्यांवर मूळ आजारावरचे एक औषध असते, उदाहरणार्थ रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, अमिसल्प्राइड, अ‍ॅरिपिप्राझोल किंवा हॅलोपेरिडॉल. त्या औषधामुळे येणारा ताठरपणा आणि कंप कमी करण्यासाठी पुष्कळदा ट्रायहेक्सिफेनिडिल जोडलेले असते, आणि सुरुवातीच्या दिवसांत झोपेसाठी लोराझेपाम किंवा क्लोनाझेपाम. घरच्यांचा सर्वाधिक विश्वास या शेवटच्या गोळीवर बसतो, कारण तिचा परिणाम त्याच रात्री दिसतो. प्रत्यक्षात आजारावर काम करणारी गोळी पहिलीच असते आणि तिला वेळ लागतो.

तो वेळ का लागतो, हे समजण्यासाठी औषध मेंदूत काय करते ते थोडे पाहावे लागेल. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात डिले आणि डेनिकर या मानसोपचारतज्ज्ञांनी क्लोरप्रोमाझिन हे या प्रकारचे पहिले औषध वापरले, तेव्हा ते का लागू पडते हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे कळले की ही औषधे डोपामिन या रसायनाला चेतापेशीवरील डी-२ नावाच्या ग्राहीपर्यंत, म्हणजे त्याचा संदेश टिपणाऱ्या जागेपर्यंत, पोहोचू देत नाहीत. एखादी गोष्ट महत्त्वाची आहे अशी खूण मनात उमटवण्यात डोपामिनचा मोठा वाटा असतो. ही खूण कशावरही उमटू लागली की शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा आपल्यासाठीच वाजली असे वाटू लागते. औषधाने ती खूण फिकी पडते, पण तिच्याभोवती महिनोन्महिने रचलेला संशय लगेच विरत नाही. म्हणून झोप आणि चिडचिड काही दिवसांत सुधारते, भास मात्र हळूहळू मागे हटतात. पुरेशा मात्रेत निदान चार ते सहा आठवडे दिल्याशिवाय औषध निरुपयोगी ठरवू नये.

अडचण अशी की डोपामिन मेंदूत इतरही कामे करते. ते हालचाल सुरळीत ठेवते, म्हणून औषधाने हात थरथरतात आणि चेहरा निर्विकार दिसतो. ते प्रोलॅक्टिन या दूध निर्माण करणाऱ्या संप्रेरकाला आवर घालते, म्हणून रिस्पेरिडोन किंवा अमिसल्प्राइड घेणाऱ्या स्त्रीची पाळी चुकू शकते, क्वचित स्तनांतून दूध येते. मेंदूच्या छायाचित्रणावरून असे दिसले आहे की साधारण ६५ ते ८० टक्के डी-२ ग्राही अडवले गेले की गुण येतो आणि त्यापलीकडे मुख्यतः त्रासच वाढतो. तेव्हा आठवड्यातच ‘डोस वाढवा’ असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. अ‍ॅरिपिप्राझोलची रीत वेगळी आहे: ते ग्राहीवर बसून त्याला थोडेसेच चेतवते, त्यामुळे जेथे डोपामिन जास्त तेथे ते उतरते आणि जेथे कमी तेथे थोडा आधार मिळतो.

या सर्व औषधांची एक मर्यादा घरच्यांनी पहिल्याच दिवशी मान्य करावी. भास आणि संशय यांवर ती चांगली चालतात. उत्साह नसणे, न बोलणे, अंघोळीचाही कंटाळा येणे यांवर त्यांचा परिणाम तोकडा असतो. ‘गोळ्या घेतोस, मग उठून कामाला का लागत नाहीस’ हा प्रश्न म्हणूनच अन्यायाचा आहे.

वहीत सर्वांत काळजीपूर्वक नोंदवण्याची गोष्ट म्हणजे अस्वस्थता. औषधानेच एक विशिष्ट तगमग होते, जिला अकॅथिसिया म्हणतात: शुभार्थीला, म्हणजे आजारी व्यक्तीला, एका जागी बसवत नाही, तो येरझारा घालतो, उभ्या उभ्या पाय बदलतो. शुभंकर, म्हणजे त्याची काळजी घेणारे घरचे, डॉक्टरांना ‘फार अस्वस्थ आहे’ एवढेच सांगतात, आजार वाढल्याचा समज होतो, मात्रा वाढते आणि तगमग आणखी वाढते. त्यामुळे शुभार्थीलाच शांतपणे विचारावे: तुला फिरावेसे वाटते, की फिरल्याशिवाय राहवतच नाही? दुसरे उत्तर मिळाले तर तेच शब्द डॉक्टरांना सांगावेत. औषध नाकारण्यामागे पुष्कळदा हट्ट नसून हीच तगमग असते, असे माझे मत आहे. पुरुषांच्या बाबतीत लैंगिक अडचण हेही न बोललेले कारण असते.

मान वाकडी होऊन आखडली किंवा डोळे वर चढले तर त्याच वेळी रुग्णालयात न्यावे. इंजेक्शनने थोड्या वेळात आराम पडतो. मात्र खूप ताप, अंग लाकडासारखे ताठ आणि बोलण्यात असंबद्धता हे एकत्र दिसले तर तो जिवावरचा प्रसंग समजावा. वजन, कमरेचा घेर, रक्तातील साखर आणि चरबी यांची नोंद औषध सुरू करतानाच हवी, कारण ओलान्झापिन आणि क्लोझापिनने भूक वाढते आणि मधुमेहाचा धोका असतो.

चहात किंवा भाजीत गोळी कुटून घालण्याचा मार्ग अनेक घरांत अवलंबला जातो. त्यामागची हतबलता समजते, पण तो मार्ग धरू नये. आपल्याला कोणी विष घालत आहे, असा ज्याचा संशय आहे त्याला एके दिवशी अन्नात खरोखरच काही सापडते, आणि मग घरातले जेवणही बंद होते. त्यापेक्षा त्याच्याशी बोलून लांब पल्ल्याच्या इंजेक्शनचा विचार करावा. फ्लुफेनाझिन डेकानोएट दोन ते चार आठवड्यांनी, तर पॅलिपेरिडोन महिन्याने किंवा तीन महिन्यांनी देता येते. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, हे बरे असताना लिहून ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शुभार्थीला दिला आहे. रात्री-अपरात्री सल्ला हवा असल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ देऊनही गुण आला नाही, तर क्लोझापिनबद्दल आपण होऊन विचारावे. ते सुचवायला अनेकदा उशीर होतो. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये त्याने पांढऱ्या पेशी घटून काही रुग्ण दगावले, म्हणून त्यासोबत रक्ततपासणी सक्तीची झाली. सुरुवातीचे काही महिने ती दर आठवड्याला करावी लागते, आणि ताप किंवा घसादुखी झाल्यास त्याच दिवशी. बद्धकोष्ठही क्षुल्लक मानू नये, कारण आतडे थांबण्यापर्यंत मजल जाऊ शकते. विडी-सिगारेटच्या धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जातात. म्हणून धूम्रपान अचानक सुटले तर रक्तातील पातळी चढते आणि मात्रा कमी करावी लागते. मळलेल्या तंबाखूने असे होत नाही, कारण हा परिणाम निकोटीनचा नसून धुराचा आहे. क्लोझापिन ४८ तासांहून अधिक काळ चुकले, तर नेहमीची मात्रा एकदम देऊ नये. डॉक्टरांना कळवून १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावे लागते.