किताकाताला रामेन खायला जाताय? या चुका टाळा

दुपारी सव्वादोनला आम्ही दुकानाच्या दारात पोहोचलो, तेव्हा आतली बाई नोरेन काठीसकट उतरवत होती. नोरेन म्हणजे दारावरचा कापडी पडदा. तो आत गेला की दुकान बंद. तिने कमरेत वाकून माफी मागितली. टोकियोहून तीन-साडेतीन तास प्रवास करून आलेलो आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो.

चूक आमचीच. जपानच्या फुकुशिमा प्रांतातलं किताकाता हे गाव सकाळी रामेन, म्हणजे गरम सूपमधले नूडल्स, खातं. 'आसा-रा' म्हणतात त्याला. रात्रपाळी करून सुटलेले कामगार आणि पहाटेच शेतावर जाऊन आलेले शेतकरी यांच्यामुळे ही सवय लागली, असं सांगतात. इथलं प्रसिद्ध 'बान्नाइ शोकुदो' सकाळी सातला उघडतं. बऱ्याच दुकानांत सूप संपलं की त्या दिवसाचा धंदा संपला, मग पाटीवर वेळ काहीही लिहिलेली असो. साप्ताहिक सुट्टीही प्रत्येकाची वेगळी, तेव्हा एकाच दुकानावर भिस्त ठेवू नका.

म्हणून टोकियोहून एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट सोडा. कोरियामापर्यंत शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पुढे बानएत्सु पश्चिम लाइनची साधी गाडी, आणि बहुतेक वेळा आयझु-वाकामात्सुला गाडी बदलायची. इथल्या गाड्या मुंबईच्या लोकलसारख्या पाठोपाठ येत नाहीत. आदल्या रात्री आयझु-वाकामात्सुला किंवा किताकातातच मुक्काम करा. आमच्यासारखे फसलातच, तर स्टेशनवरच्या पर्यटन केंद्रातून रामेनचा नकाशा घ्या आणि दुपारनंतरही उघडं असणारं एखादं दुकान तिथेच विचारून घ्या.

मेनूवर 'शिना सोबा' किंवा 'चुका सोबा' दिसलं की काही जण बिचकतात. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाचे नूडल्स, हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. इथे ते रामेनचंच जुनं नाव आहे, नूडल्स गव्हाचेच. 'निकु सोबा' मात्र विचार करून मागवा: वाडग्यात डुकराच्या मांसाचे काप इतके पसरलेले असतात की खालचे नूडल्स दिसत नाहीत.

रामेनसाठीच प्रसिद्ध असलेल्या हाकाताला जाऊन आलेल्यांची चूक वेगळीच. तिथे नूडल्स किती कडक हवेत ते विचारतात, संपले तर उरलेल्या सूपमध्ये नवे घालून देतात. इथे तसा रिवाज नाही. किताकाताचे नूडल्स चपटे, सुमारे 4 मिलिमीटर रुंद, वळ्या पडलेले. पिठात पाणी जास्त असतं, म्हणून ते मऊ असूनही दाताखाली चिवट लागतात. ते कडक मागवायचे तर किताकाताला कशाला यायचं?

शाकाहारी मंडळींना स्पष्टच सांगतो. 'निकु नुकी', म्हणजे मांस नको, असं सांगितलंत तर वरचे काप जातील, सूप तेच राहील. ते बहुधा डुकराची हाडं आणि निबोशी, म्हणजे वाळवलेली छोटी मासळी, उकळून केलेलं असतं. वाडगा समोर आला की सोया सॉसच्या मागून सुकटीसारखा वास येतो; कोकणातल्या माणसाला तो लगेच ओळखू येईल. वरून कांद्याची पात घातलेली असते, त्यामुळे फोटोत सगळं निरुपद्रवी दिसतं. सोबत कोणी शाकाहारी असेल तर त्याची दशमी-चटणी स्टेशनवरच होऊ द्या, दुकानात डबा उघडू नका.

आपली 'वन बाय टू'ची सवयही बाहेरच ठेवा. माणशी एक वाडगा घ्यायचा. रोख येन जवळ असू द्या, लहान दुकानांत कार्ड चालेलच असं नाही. टिप ठेवू नका, पैसे विसरलात म्हणून कोणीतरी मागे धावत येईल. भुरके मात्र खुशाल मारा.

आणि खाऊन लगेच पळू नका. जाड भिंतींच्या जुन्या कोठारांसाठी, म्हणजे 'कुरा'साठी, हे गाव आधी प्रसिद्ध झालं. 1970च्या दशकात ती बघायला माणसं येऊ लागली, भूक लागली की रामेन खाऊ लागली, आणि त्यातून रामेनचं नाव देशभर झालं. आम्ही त्या दुपारी उपाशीपोटी कोठारंच बघत फिरलो. दुसऱ्या दिवशी सव्वासातला रांगेत उभे होतो, तर आमच्या पुढे अकरा माणसं.